मोटारीचा संगणक आणि कोंबलेली हवा

मोटारीच्या एंजिनाला खायला काय लागते, असे कोणी विचारले तर आपण चटकन ‘पेट्रोल’ म्हणतो. उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. एंजिन पेट्रोलपेक्षा हवाच फार जास्त खाते. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १ लिटर पेट्रोलाचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे ते जाळायला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. १ लिटर हवेचे वजन १.२ ग्रॅम धरा आणि भागाकार करून पाहा. सुमारे ९,००० लिटर हवा! दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशा एका लहानशा खोलीतील सगळी हवा या एका लिटराने फस्त केली.

तेव्हा एंजिनाची शक्ती वाढवायची म्हटले की अडते ते हवेपाशी. पेट्रोल हा द्रव आहे. लहानशा पंपाने ते हवे तेवढे पुरवता येते. हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच शिरते. अधिक हवा हवी असेल तर एक तर सिलिंडर मोठा करायचा, नाही तर त्याच सिलिंडरात हवा कोंबायची. कोंबण्याचे काम करणाऱ्या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात.

कारखान्यातून विकत घेतलेल्या साध्या मोटारीवर बाहेरच्या दुकानातून सुपरचार्जर आणून बसवायचा आणि तिचे बळ वाढवायचे, हा अमेरिकेतील हौशी लोकांचा जुना छंद आहे. सुपरचार्जर बसवणे हे त्यातले सोपे काम. पाने आणि पक्कड हातात धरता येणारा माणूस दोन-तीन दिवसांत ते करतो. पण मोटारीत एक संगणक असतो, आणि आपल्या एंजिनाला आता जास्त हवा मिळू लागली आहे ही गोष्ट त्या संगणकाला कोणी सांगितलेली नसते. ती नीट न सांगितल्यामुळे चांगली धडधाकट एंजिने काही सेकंदांत निकामी झालेली आहेत. संगणकाला ही गोष्ट ‘सांगायची’ म्हणजे नेमके काय करायचे, ते आज आपण पाहू या.

लोहाराच्या भात्यापासून

भट्टीतला निखारा फुलवायला लोहार भाता चालवतो. जास्त हवा, जास्त जाळ. सुपरचार्जर हा एंजिनाचा भाताच आहे, आणि ही नुसती उपमा नव्हे. आज पुष्कळ मोटारींवर दिसणारी सुपरचार्जरची एक जात अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल या गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी काढली. त्यांनी १८६० मध्ये तिचे एकस्व घेतले, तेव्हा मोटारी नव्हत्याच. लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्यासाठी हे यंत्र वापरात आले. एका डब्यात एकमेकांत अडकून फिरणारी इंग्रजी आठच्या आकाराची दोन चाके असतात, आणि ती एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. पुढे १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझ कंपनीने सुपरचार्जर असलेल्या मोटारी मांडल्या.

आता प्रत्यक्षातले एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या मस्टँग मोटारीचा कोब्रा नावाचा एक जोरकस प्रकार होता. २००१ सालच्या कोब्राचे एंजिन ४.६ लिटरचे, आठ सिलिंडरांचे. शक्ती ३२० अश्वशक्ती. २००३ च्या कोब्रातही एंजिन ४.६ लिटरचेच होते, पण त्यावर रूट्स जातीचा सुपरचार्जर होता आणि शक्ती झाली ३९० अश्वशक्ती.

या एंजिनाची भूक मोजू. चार धावांच्या एंजिनात दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडर एकदाच हवा घेतो. मिनिटाला ६,००० फेरे होत असतील तर सगळे सिलिंडर मिनिटाला ३,००० वेळा भरतात. ३,००० गुणिले ४.६ म्हणजे १३,८०० लिटर, अर्थात सेकंदाला २३० लिटर. सिलिंडर अगदी पूर्ण भरतात असे धरले तर ही हवा २७६ ग्रॅम होते आणि तिला सेकंदाला सुमारे १९ ग्रॅम पेट्रोल लागते. एका सिलिंडराच्या एका खेपेचा हिशेब केला तर ०.६९ ग्रॅम हवा आणि ४७ मिलिग्रॅम पेट्रोल. म्हणजे पाण्याच्या एका थेंबाएवढे वजन. हा थेंब मोजून टाकायचा, तोही प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ५० वेळा!

आता भाता चालू करा. या कोब्रावरचा सुपरचार्जर आपल्या एका फेऱ्यात १.८४ लिटर हवा पुढे ढकलतो आणि पट्ट्याच्या साहाय्याने तो एंजिनाच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो. एंजिनाच्या एका फेऱ्यात तो सुमारे ३.७ लिटर हवा आणून टाकतो. एंजिन मात्र एका फेऱ्यात २.३ लिटरच घेऊ शकते. जास्तीची हवा दाटीवाटीने राहते, म्हणजेच तिचा दाब वाढतो. थोडी गळती वजा जाता तो बाहेरच्या दाबाच्या सुमारे दीडपट, नेमके म्हणायचे तर १.५५ पट होतो.

दाब १.५५ पट म्हणजे हवाही १.५५ पट, असे तुम्ही म्हणाल. पण येथे निसर्ग आपला वाटा कापून घेतो.

सायकलच्या पंपाचा प्रयोग

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या भराभर पंधरा-वीस वेळा मारा. मग पंपाच्या तोंडाकडचा भाग हाताला लावून पाहा. तो कोमट झालेला असेल. थोडी उष्णता घर्षणाची असते, पण बरीचशी हवा दाबल्यामुळे उत्पन्न होते. शिक्षकांना वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत करून दाखवता येईल.

२७ अंश सेल्सिअसची हवा दीडपटीहून थोडी जास्त दाबली, तर अगदी आदर्श यंत्रातही ती सुमारे ६७ अंशांवर जाते. रूट्स जातीचे यंत्र आदर्शापासून बरेच दूर असते; त्यातून निघणारी हवा ९५ ते १०० अंशांपर्यंत तापू शकते. तापलेली हवा विरळ असते. ९७ अंश सेल्सिअस म्हणजे ३७० केल्विन. मूळचे २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. तेव्हा हवेचे वस्तुमान १.५५ गुणिले ३०० भागिले ३७०, म्हणजे केवळ १.२६ पट वाढले. म्हणून कोब्रात सुपरचार्जर आणि एंजिन यांच्यामध्ये पाण्याने थंड होणारी एक जाळी बसवली होती. तिला इंटरकूलर म्हणतात. हवा ५० अंशांपर्यंत थंड झाली तर हेच गुणोत्तर १.४४ पर्यंत जाते. गॅसचे नियम परीक्षेपुरतेच असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

आंधळा संगणक

पूर्वी पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने फोक्सवॅगनच्या मोटारींसाठी विजेवर चालणारी पेट्रोलची पिचकारी दिली, आणि १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एका मोटारीत पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे आला. आज बहुतेक सगळ्या मोटारींत अशीच व्यवस्था असते.

या संगणकाविषयी लोकांच्या कल्पना मजेशीर असतात. तो फार हुशार आहे, सगळे ओळखतो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर तो आंधळा आहे. बंद खोलीत बसलेला कारकून डोळ्यांपुढे आणा. दाराच्या फटीतून त्याला चिठ्ठ्या येतात: हवा इतकी, फेरे इतके, पाणी इतके तापलेले. कारकून भिंतीवरचे कोष्टक पाहतो आणि दुसऱ्या फटीतून हुकूम सोडतो: पिचकारी इतका वेळ उघडा, ठिणगी इतके अंश आधी पाडा. एंजिन त्याने कधी पाहिलेले नाही. चिठ्ठी आणि कोष्टक एवढेच त्याचे जग.

कोष्टक म्हणजे तुमच्या लॉग टेबलासारखेच. डावीकडे एंजिनाचे फेरे, वरच्या बाजूला ‘भार’, आणि प्रत्येक घरात एक आकडा. भार म्हणजे सिलिंडरात प्रत्यक्ष आलेली हवा भागिले साध्या दाबाने तो पूर्ण भरला असता तर आलेली हवा. नेमका आकडा कोष्टकात नसेल तर मधला आकडा काढायचा. समजा, ३,००० फेऱ्यांना २२ अंश आणि ४,००० फेऱ्यांना २६ अंश लिहिले आहेत, तर ३,५०० फेऱ्यांना संगणक २४ अंश घेतो.

हे आकडे कारखान्यातील तंत्रज्ञ एंजिन चाचणीच्या घोडीवर चढवून, थंडीत, उन्हात आणि डोंगरावर चालवून महिनोन् महिने खपून भरतात. प्रत्येक आकडा हे त्या एंजिनाविषयीचे एक मोजलेले विधान असते. एंजिन बदलले की विधाने खोटी पडतात, आणि भिंतीवरचे कोष्टक मात्र तेच राहते.

ठिणगी आधी का पाडतात?

सिलिंडरातील मिश्रण बंदुकीच्या दारूसारखे एकदम पेटत नाही. ठिणगीपाशी ज्योत सुरू होते आणि गवताच्या वणव्यासारखी पसरत जाते. याला एक-दोन सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात दट्ट्या पुढे निघून जाईल, म्हणून तो वरच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात एक सहस्रांश सेकंदात एंजिन ३६ अंश फिरते. १,००० फेऱ्यांच्या वेगात ६ अंशच. पण म्हणून वेग सहापट तर ठिणगीही सहापट आधी, असे सरळ त्रैराशिक चालत नाही. एंजिन वेगाने फिरते तशी आतली हवा जास्त घुसळते आणि ज्योतही भराभर पसरते. हवा दाट असली तरी तेच. म्हणून सूत्र न मांडता कोष्टक ठेवावे लागते.

आणि ठिणगी फार आधी पडली तर? दट्ट्या वर येत असतानाच दाब भडकतो. ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ते आपणहून, एकदम, सगळेच्या सगळे पेटते. यालाच एंजिन ‘नॉक’ करणे म्हणतात. आपण त्याला ठोका म्हणू. त्या धक्क्याने सिलिंडरातील वायू घंटेसारखा कंप पावतो. ९० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ही कंपने सेकंदाला ६,००० ते ७,००० असतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा तो आवाज येतो.

आवाजाने काही बिघडत नाही. बिघडते ते उष्णतेने. सिलिंडरातील ज्योतीचे तापमान २,००० अंशांहून जास्त असते आणि दट्ट्या असतो अ‍ॅल्युमिनियमचा. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग दट्ट्या रोज वितळत कसा नाही? त्याच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक पातळ, स्तब्ध थर असतो. तोच त्याची गोधडी. ठोक्याची कंपने ही गोधडी ओढून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते, दट्ट्याची कड वितळते किंवा त्याच्या कड्यांमधला भाग तुटतो. जोरात धावणाऱ्या सुपरचार्जरच्या एंजिनात एवढे व्हायला काही सेकंद पुरतात.

ठोका टाळण्याचे मार्ग चार: ठिणगी उशिरा पाडणे, हवा थंड ठेवणे, मिश्रणात पेट्रोल थोडे जास्त घालणे आणि ठोक्याला दाद न देणारे पेट्रोल वापरणे. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते, म्हणून सुपरचार्जरच्या एंजिनात पूर्ण जोराच्या वेळी १४.७ ऐवजी ११.५ ते १२ भाग हवेला एक भाग पेट्रोल देतात. पेट्रोलचा ठोकाविरोधी गुण ऑक्टेन क्रमांकाने सांगतात. आपल्याकडे साध्या पेट्रोलचा हा क्रमांक पूर्वी ९१ असे. अमेरिकेतील पंपावर ९३ लिहिलेले दिसते, पण तेथे तो दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी काढून लिहितात. त्यामुळे त्यांचे ९३ म्हणजे आपले ९३ नव्हे. आपल्या पद्धतीने ते सुमारे ९८ भरते. परदेशी मोटारीचे आकडे जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कारकुनाला खोटी चिठ्ठी

१९८९ पासून अमेरिकेतील ५ लिटरच्या मस्टँग मोटारींत हवा मोजायला तप्त तारेचा मापक आला. हवेच्या वाटेत एक बारीक तार विजेने ठरावीक प्रमाणात गरम ठेवलेली असते. हवा जास्त वाहिली की तार निवते आणि तिला गरम ठेवायला जास्त प्रवाह द्यावा लागतो. त्यावरून मापक शून्य ते ५ व्होल्टच्या दरम्यान एक संकेत संगणकाला पाठवतो. हीच आपली चिठ्ठी.

हौशी लोकांनी या मोटारींवर सुपरचार्जर चढवले. हवा वाढली, तेव्हा पेट्रोलही वाढवायला हवे. मूळच्या पिचकाऱ्या तासाला १९ पौंड, म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ ग्रॅम पेट्रोल सोडणाऱ्या होत्या. ६,००० फेऱ्यांना दोन फेऱ्यांचा वेळ भरतो २० सहस्रांश सेकंद. पिचकारी त्याहून जास्त वेळ उघडी राहूच शकत नाही. म्हणून तासाला ३० पौंडांच्या मोठ्या पिचकाऱ्या बसवल्या. पण संगणक अजून १९ चाच हिशेब धरतो आहे! आता प्रत्येक वेळी ३० भागिले १९, म्हणजे १.५८ पट पेट्रोल पडणार.

संगणकाची स्मृती बदलण्याची सोय त्या काळी थोड्यांकडेच होती. मग एक चलाख युक्ती निघाली. मापकच असा बदलायचा की त्याने हवा १९ भागिले ३०, म्हणजे ०.६३ पट कमी सांगावी. संगणक ०.६३ पट वेळ पिचकारी उघडणार, पिचकारी १.५८ पट जोराने सोडणार. गुणाकार बरोबर एक! दोन खोट्यांतून एक खरे निघाले. असे मापक दुकानात तयार विकत मिळत, आणि पेट्रोलच्या बाबतीत ते खरोखरच ठीक चालत.

पण कारकून त्या एका चिठ्ठीवरून दोन हुकूम सोडतो, हे विसरले गेले. ठिणगीचा हुकूमही हवेच्या त्याच आकड्यावरून निघतो. समजा, ५,००० फेऱ्यांना खरा भार १.२ आहे. या दाट हवेला १७ अंश आधी ठिणगी पाडणे योग्य आहे. खोटा मापक सांगतो: भार १.२ गुणिले १९ भागिले ३०, म्हणजे ०.७६. कोष्टकात ०.६ भाराला ३० अंश आणि ०.८ भाराला २६ अंश लिहिले आहेत. मधला आकडा काढा. सुमारे २७ अंश! ठिणगी १० अंश लवकर पडली. ५,००० फेऱ्यांच्या वेगात १० अंश म्हणजे एका सेकंदाचा तीन हजारावा भाग. एवढीशी घाई दट्ट्या फोडायला पुरते. अंशांचे हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण चूक याच वाटेने शिरते.

या घोटाळ्यावर मग ठिणगी मागे ओढणारी आणखी एक पेटी बसवायची, म्हणजे एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. माझ्या मते हा मार्ग मुळातच वाकडा होता. सरळ उपाय एकच: मापकाने खरे सांगावे, आणि संगणकाच्या कोष्टकांत पिचकारीचा नवा आकडा, मापकाचा नवा आलेख आणि जास्त भारासाठी ठिणगीचे नवे रकाने लिहावेत. त्या संगणकाच्या पाठीमागे तपासणीसाठी एक जोडणी ठेवलेली होती. तीत लहानशी स्मृतिपट्टी खोचली की संगणक मूळ कोष्टकाऐवजी तिच्यातील कोष्टक वाचू लागे. पुढे पेट्यांवर पेट्या चढवण्यापेक्षा हाच मार्ग रूढ झाला. १९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना चालकाच्या समोरील फळीखाली एक ठरावीक जोडणी सक्तीची झाली, आणि नंतर बऱ्याच मोटारींची कोष्टके तिच्यातूनच बदलता येऊ लागली.

मोजपट्टी संपते तेव्हा

२००३ च्या कोब्राकडे परत जाऊ. कारखान्याने सुपरचार्जर नुसता वर ठेवून दिला नव्हता. सिलिंडरातील दाबाचे गुणोत्तर ९.८५ वरून ८.५ वर उतरवले, अ‍ॅल्युमिनियमऐवजी बिडाचा सिलिंडर-ठोकळा घेतला, दट्टे आणि त्यांचे दांडे घडीव धातूचे केले, हवा थंड करायची जाळी घातली आणि कोष्टके नव्याने लिहिली. ७० अश्वशक्ती वाढवायला इतका खटाटोप!

हौशी माणसाला तेवढ्याने समाधान कुठले? सुपरचार्जर फिरवणारी कप्पी, कारागिरांच्या भाषेत पुली, काढून लहान बसवली की तोच सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो आणि जास्त हवा कोंबतो. अर्ध्या तासाचे काम. पण मापकाचे ५ व्होल्ट हे शेवटचे टोक आहे. संगणक हा संकेत शून्य ते १,०२३ अशा आकड्यांत वाचतो. १,०२३ आला की त्यापुढे चिठ्ठीवर लिहायला जागाच नाही. हवा आणखी वाढली तरी चिठ्ठी तीच. कारकून तेवढ्याच हवेचे पेट्रोल पाठवतो, मिश्रण पातळ होते, आणि तेही नेमके पूर्ण जोर चालू असताना, जेव्हा ठोक्याची भीती सर्वांत जास्त असते. येथे संगणकात काहीही बिघाड झालेला नाही, हे लक्षात घ्या. त्याची मोजपट्टी संपली, एवढेच. अशा वेळी मोठ्या नळीचा मापक बसवून त्याचा आलेख कोष्टकात नव्याने भरावा लागतो.

हे काम करणारा चांगला कारागीर कसा वागतो? तो मोटार रोलरांवर चढवतो. मागची चाके एका जड ढोलाला फिरवतात. ढोलाला किती वेळात किती गतिज ऊर्जा मिळाली, यावरून शक्ती निघते. ऊर्जा भागिले वेळ, हे तुम्ही शिकलाच आहात. धुराड्याच्या नळीत तो ऑक्सिजनचा एक रुंद पल्ल्याचा मापक लावतो. मोटारीतला साधा ऑक्सिजन-मापक १४.७ च्या आसपास ‘जास्त’ की ‘कमी’ एवढेच सांगतो, ११.५ की १२.५ हे त्याला कळत नाही. मग ठिणगी मुद्दाम उशिरा आणि पेट्रोल थोडे जास्त ठेवून पहिली फेरी. नोंदी पाहायच्या, मापकाचा आकडा टोकाला लागला का ते तपासायचे, पिचकारी किती वेळ उघडी होती ते पाहायचे. सगळे ठीक असेल तर ठिणगी एक अंश पुढे आणि पुन्हा फेरी. शक्ती वाढेनाशी झाली की थांबायचे. त्याआधीच ठोक्याचा माग लागला तर दोन-तीन अंश मागे यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसऱ्याच्या मोटारीचे कोष्टक आपल्या मोटारीत उतरवून घेणारेही असतात. त्यांना शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचणारा माणूस म्हणावे.

धुराड्याच्या टोकाला

या आकड्यांशी आणखी एक गोष्ट बांधलेली आहे, आणि ती मोटारीच्या मालकापुरती नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा एकदम निकाल लावणारा उत्प्रेरक मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच नीट काम करतो. कारखान्याच्या कोष्टकात हे सांभाळलेले असते. ते बेफिकिरीने बदलले, किंवा काही जण करतात तसा उत्प्रेरकच काढून टाकला, तर मोटार पळेल, पण तिचा धूर रस्त्यावरचे लोक घेतील. म्हणून अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करण्यास मनाई आहे; कॅलिफोर्निया राज्यात असे जादा भाग तपासून मंजुरीचा क्रमांक देतात. आपल्याकडे नव्या मोटारींच्या धुराची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे, ती म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा फेरबदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. मोटारीची शर्यत पाहून जे कारागिराकडे धाव घेतात, त्यांना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

एक गणित

शेवटी एक गणित देतो. एका मापकाला सेकंदाला ४०० ग्रॅमपर्यंतच हवा मोजता येते. पूर्ण जोराच्या वेळी संगणकाने ११.८ भाग हवेला १ भाग पेट्रोल द्यावे, असे कोष्टकात आहे. मोटारमालकाने ९० मिलिमीटर व्यासाची कप्पी काढून ७५ मिलिमीटरची बसवली. पूर्वी ४०० ग्रॅम हवा येत होती. आता ती सुपरचार्जरच्या वेगाच्या प्रमाणात वाढली असे धरा. एंजिनात प्रत्यक्ष कोणते मिश्रण जाईल?

सुपरचार्जरचा वेग ९० भागिले ७५, म्हणजे १.२ पट झाला आणि हवा ४८० ग्रॅम. मापक मात्र ४०० च सांगणार. पेट्रोल ४०० भागिले ११.८, म्हणजे सुमारे ३३.९ ग्रॅम पडेल. आता ४८० ला ३३.९ ने भागा. उत्तर १४.२ च्या जवळ येते. रस्त्यावर संथ चालणाऱ्या मोटारीला हे मिश्रण उत्तम आहे.